उशापाशी कोण होते?

१२ जानेवारी १९२४. शनिवारची रात्र. येरवड्याच्या तुरुंगातून पुण्याच्या ससून रुग्णालयात आणलेल्या एका कैद्याचे आंत्रपुच्छ कापून काढायचे होते. कैदी होते मोहनदास करमचंद गांधी. सहा वर्षांच्या शिक्षेपैकी जेमतेम पावणेदोन वर्षे झालेली. शस्त्रक्रिया करणार होते कर्नल मॅडॉक, म्हणजे त्याच सरकारच्या नोकरीतले इंग्रज शल्यविशारद. कैदी दगावला असता तर देशात काय झाले असते, याची कल्पना खोलीतल्या प्रत्येकाला होती. म्हणून आधी कागद झाला. श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेतले गेले. आपण या शस्त्रक्रियेस राजीखुशीने संमती देत आहोत, डॉक्टरांवर आणि रुग्णालयावर आपला विश्वास आहे, अशा आशयाचे निवेदन शास्त्रींनी लिहिले आणि गांधींनी गुडघे वर घेऊन, त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने सही केली. हात थरथरत होता. शास्त्रींनी हे सारे नोंदवून ठेवले आहे.

पुढचा प्रसंग लुई फिशर यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात आहे. शस्त्रक्रिया चालू असताना वादळामुळे वीज गेली. तिघी परिचारिकांपैकी एकीच्या हातात विजेरी होती, तिच्या उजेडात काम पुढे चालले. मग तीही विझली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. ५ फेब्रुवारीला सरकारने गांधींना बिनशर्त सोडले. शस्त्रक्रियेची ती खोली ससूनमध्ये स्मारक म्हणून जपली आहे.

या प्रसंगात कर्नलचे नाव आहे. शास्त्रींचे आहे. पुण्याचे डॉक्टर फाटक आहेत. विजेरी धरणारी मात्र ‘तिघींपैकी एक’ आहे.

प्रसिद्ध किंवा धनवान रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांचा विषय निघाला की पहिली उत्सुकता किश्श्यांची असते: कोणता नट किती हट्टी होता, कोणत्या राणीसाहेबांना कोणता चमचा लागे. असे किस्से पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेचसे सांगणाऱ्यानेच रचलेले असावेत असा माझा समज आहे. मला जास्त महत्त्वाचे वाटते ते वेगळे. मोठ्या माणसाच्या उशापाशी रात्रभर बसणाऱ्या बाईला जे दिसते ते मंत्र्यांना, वारसांना, पुष्कळदा डॉक्टरांनाही दिसत नाही. या माहितीचे ती काय करते? आणि त्या खाटेवरच्या माणसाविषयी निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा तिचे मत कोणी विचारते का?

गांधींपुरते बोलायचे तर हा रुग्ण स्वतःच हाडाचा शुश्रूषक होता. डरबनमध्ये डॉ. बूथ यांच्या देखरेखीखालच्या एका लहान धर्मादाय रुग्णालयात ते रोज तास-दोन तास काम करत. औषधे तयार करून देण्यापर्यंतचे. बोअर युद्धात जखमींना वाहून नेणारे पथक त्यांनी उभे केले ते या अनुभवाच्या बळावर. पुढे सेवाग्रामला कुष्ठरोगाने पछाडलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री आले तेव्हा त्यांच्या जखमा धुणे आणि अंगाला मालीश करणे गांधींनी स्वतःकडे घेतले. त्याची छायाचित्रे आहेत आणि ती सर्वांना माहीत आहेत. शुश्रूषा करणारा प्रसिद्ध असला की शुश्रूषेची नोंद होते, हेही या निमित्ताने लक्षात घ्यावे.

परिचारिकेचा पेशा आज आपल्याला रुग्णालयाशी जोडलेला वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये परिस्थिती जवळजवळ उलटी होती. रुग्णालय गरिबांसाठी. श्रीमंत माणूस आजारी पडला तर डॉक्टर घरी येई, शस्त्रक्रियासुद्धा घरच्या टेबलावर होई, आणि रुग्णालयाकडून शिकलेली परिचारिका घरी मागवली जाई. पूर्व लंडनमधल्या व्हाइटचॅपल या दरिद्री वस्तीतल्या लंडन हॉस्पिटलने याची चोख व्यवस्था केली होती. तिथल्या मेट्रन एव्हा ल्यूकेस या १८८० पासून जवळजवळ चाळीस वर्षे त्या पदावर होत्या. दोन वर्षांचे शिक्षण झाले की मुलीला प्रमाणपत्र मिळे. पण करार चार वर्षांचा असे आणि उरलेल्या काळात तिला खाजगी शुश्रूषेसाठी श्रीमंतांच्या घरी पाठवता येई. घरवाले फी भरत ती रुग्णालयाच्या तिजोरीत जाई. मुलीला तिचा ठरलेला पगार. दोन वर्षांत शिकलेल्या मुलींना तयार परिचारिका म्हणून बाहेर पाठवावे का, यावरून मोठे वादळ झाले आणि १८९० च्या सुमारास लॉर्ड्सच्या चौकशी समितीपुढे साक्षी झाल्या. ल्यूकेसबाईंनी आपली पद्धत सोडली नाही.

त्या घरांत या मुलींची स्थिती चमत्कारिक असे. त्या नोकर नव्हत्या, पाहुण्याही नव्हत्या. जेवायचे कोठे, हा प्रश्न रोजचा. स्वयंपाकघरात नोकरांबरोबर बसले तर हुद्द्याला कमीपणा, मालकांच्या टेबलावर बसले तर आगाऊपणा. मग ताट खोलीत येई, आणि ते वर नेऊन द्यावे लागते म्हणून नोकरमंडळी कुरकुरत. औषधापेक्षा या ताटावरूनच जास्त भांडणे झाली असतील. आपल्याकडच्या वाड्यांत आणि बंगल्यांत रात्रपाळीला गेलेल्या कोणाही सिस्टरला यात नवल वाटणार नाही.

या लंडन हॉस्पिटलात तयार झालेली कॅथरिन ब्लॅक ही आयर्लंडमधल्या डोनेगल परगण्यातली. १९२८ च्या नोव्हेंबरात राजे पाचवे जॉर्ज छातीत पू होऊन मरणाच्या दारात पोचले तेव्हा ज्या परिचारिका बोलावल्या गेल्या त्यांत ती होती. राजा वाचला. इतर परिचारिका परत गेल्या. ब्लॅक राजवाड्यातच राहिली, ती राजाच्या मृत्यूपर्यंत. व्हाइटचॅपलच्या खाटांवरून बकिंगहॅम राजवाड्यात गेलेल्या या बाईने १९३९ मध्ये आठवणी लिहिल्या. पुस्तकाच्या नावातच तिने ‘राजाची परिचारिका’ आणि ‘भिकाऱ्याची परिचारिका’ हे दोन्ही शब्द शेजारी ठेवले.

२० जानेवारी १९३६. सँडरिंगहॅम. राजा पुन्हा अंथरुणाला खिळलेला, हृदय थकलेले. राजवैद्य लॉर्ड डॉसन यांनी रात्री साडेनऊच्या सुमारास जेवणाच्या मेनूच्या कार्डावर लिहिलेले एक वाक्य रेडिओवरून जगाला ऐकवले गेले: राजाचे आयुष्य शांतपणे समाप्तीकडे चालले आहे, अशा अर्थाचे. वाक्य सुंदर होते आणि गाजले. बाराला पाच मिनिटे असताना राजा गेला. सकाळच्या ‘टाइम्स’ मध्ये बातमी आली.

पन्नास वर्षांनी, १९८६ मध्ये, डॉसन यांचे चरित्रकार फ्रान्सिस वॉटसन यांनी डॉसन यांची त्या रात्रीची खाजगी टिपणे उघड केली. ती त्यांच्याकडे पूर्वीपासून होती. १९५० च्या चरित्रात मात्र त्यांनी ती वगळली होती. टिपणांत डॉसन लिहितात की शेवट लांबत चालला होता. तसे तासन्‌तास चालले असते. म्हणून अकराच्या सुमारास त्यांनी तो आपण ठरवायचे ठरवले. मॉर्फिया आणि थोड्या वेळाने कोकेन त्यांनी राजाच्या मानेतल्या फुगलेल्या शिरेत टोचले. बातमी संध्याकाळच्या हलक्या वृत्तपत्रांऐवजी सकाळच्या ‘टाइम्स’ मध्ये यावी हा हेतूही टिपणांत आहे. लंडनला पत्नीकडे फोन करून वृत्तपत्राला थांबायला सांगण्याची तजवीजही त्यांनी केली होती. राजाला कोणी काही विचारल्याचा उल्लेख नाही.

या टिपणांवर इंग्लंडमध्ये पुष्कळ लिहिले गेले. दयामरण की खून, वृत्तपत्राच्या वेळेसाठी राजाचा मृत्यू, वगैरे. मला त्यातला एक लहानसा शब्द अडवतो. इंजेक्शन आपण ‘स्वतः’ दिले असे डॉसन लिहितात, आणि का ते सांगतात: सिस्टर ‘बी’ या प्रकाराने अस्वस्थ झाल्याचे स्पष्ट दिसत होते, म्हणून.

इंजेक्शन देणे हे परिचारिकेचे रोजचे काम. इथे ती अस्वस्थ झाली. ती काय म्हणाली, काही म्हणाली की नुसतीच सुई हातात घेईना, हे टिपणात नाही. पण राजवैद्याला सुई स्वतः उचलावी लागली इतके ते अस्वस्थपण उघड होते. त्या खोलीत विरोधाची नोंद झालेली ही एवढीच, आणि तीही ज्याच्याविरुद्ध होती त्याच्याच हातून, एका अक्षराच्या नावाने. ‘बी’ म्हणजे ब्लॅक. याच टिपणांप्रमाणे राजाचे शेवटचे शब्दही तिच्याच वाट्याला आले: ती गुंगीचे औषध देत असताना त्याने तिला शिवी हासडली. साम्राज्याची काळजी वाहणारे उदात्त अखेरचे उद्गार वृत्तपत्रांनी छापले ते निराळे.

तीन वर्षांनी ब्लॅकबाईंनी पुस्तक लिहिले तेव्हा इंजेक्शनाचे अक्षरही त्यात आले नाही. याला भित्रेपणा म्हणावे का? मला तसे वाटत नाही. जगभरच्या परिचारिका जी ‘नाइटिंगेल प्रतिज्ञा’ घेतात (ती नाइटिंगेलने लिहिलेली नव्हे, १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका परिचर्या विद्यालयात लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने तयार केली), तिच्या जुन्या पाठात दोन वचने जवळजवळ आहेत. एक, रुग्णाच्या घरातल्या ज्या खाजगी गोष्टी कळतील त्या गुप्त ठेवीन. दुसरे, डॉक्टरला त्याच्या कामात निष्ठेने साहाय्य करीन. आपल्याकडेही दीप उजळून मुली ही प्रतिज्ञा म्हणतात. ब्लॅकने ही शब्दशः घेतली असो वा नसो, तिचा पेशा याच दोन खांबांवर उभा होता. त्या रात्री दुसरे वचन तिने मोडले असे म्हणता येईल. पहिले मरेपर्यंत पाळले. रुग्णाशी निष्ठा आणि डॉक्टरशी निष्ठा यांची फारकत झाली तर काय करायचे, हे प्रतिज्ञेत लिहिलेले नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच वर्षी १ डिसेंबरला लॉर्ड्सच्या सभागृहात ऐच्छिक दयामरणाला कायद्याची मान्यता देणारे विधेयक आले. डॉसन त्याविरुद्ध बोलले. असे निर्णय वैद्यांच्या विवेकावर सोडावेत, त्यात कायद्याची यंत्रणा नको, असा त्यांचा युक्तिवाद. विधेयक १४ विरुद्ध ३५ मतांनी पडले. ‘वैद्यांच्या विवेकावर’ या शब्दांत सिस्टर बी बसत नव्हती.

सगळ्याच परिचारिका गप्प राहून विरोध करत नसत. १९४८ च्या उन्हाळ्यात बलुचिस्तानातल्या झियारतला महंमद अली जिना अखेरच्या दुखण्यात होते. फुप्फुसांचा क्षय. मुंबईच्या बार गाजवणारा, मलबार हिलवर बंगला बांधणारा हा बॅरिस्टर आता एका नव्या देशाचा गव्हर्नर जनरल होता, आणि त्याच्या दुखण्याचा तपशील सरकारी गुपितासारखा सांभाळला जात होता. लाहोरहून डॉ. इलाही बक्ष आले. क्वेट्ट्याहून सिस्टर फिलिस डनहॅम ही परिचारिका बोलावली गेली. जिना आधी परिचारिका नकोच म्हणत होते. एकदा तिने ताप पाहिला. जिनांनी विचारले, किती आहे? ती म्हणाली, ते मी फक्त डॉक्टरांना सांगू शकते. जिनांनी हुकमी स्वरात पुन्हा विचारले. तिने पुन्हा नाही म्हटले. ती बाहेर गेल्यावर जिना बहिणीला म्हणाले ते अशा अर्थाचे होते, की दबावाला न जुमानणारी अशी माणसे मला आवडतात.

किस्सा छान आहे आणि तो नेहमी जिनांच्या मोठेपणासाठी सांगितला जातो. पण ज्याचा ताप त्यालाच तो सांगायचा नाही, या नियमाचे काय? इथेही निष्ठा डॉक्टरशीच आहे. फरक एवढाच, की इथे तो नियम पाळायला देशातल्या सर्वांत बलवान माणसापुढे उभे राहावे लागले.

११ सप्टेंबरला जिनांना विमानाने कराचीला आणले. मौरीपूर विमानतळावरून शहराकडे येताना रुग्णवाहिका बंद पडली. दुसरी यायला तासभर गेला. उकाडा, माश्या, रस्त्यावरून जाणारी वाहने. आत जिना, फातिमा आणि सिस्टर डनहॅम. तिने पुठ्ठ्याचा एक तुकडा शोधला आणि त्याने वारा घालत माश्या हाकलत बसली. जिनांनी हात उचलून तिच्या हातावर ठेवला, बोलले नाहीत. चरित्रकार हेक्टर बोलिथो यांना हे तिनेच सांगितले. रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी जिना गेले. रुग्णवाहिका का बंद पडली यावर पाकिस्तानात अजून वाद चालतात. तो पुठ्ठा मात्र तिच्या वर्णनात आहे.

काळ बदलला तशी गुपिते बाहेर काढणारी हत्यारेही बदलली. डिसेंबर २०१२ मध्ये लंडनच्या किंग एडवर्ड सातवे रुग्णालयात राजघराण्यातली गरोदर सून दाखल होती. पहाटे ऑस्ट्रेलियातल्या एका रेडिओ केंद्राच्या दोघा निवेदकांनी राणी आणि युवराज असल्याचे सोंग करून फोन केला. त्या वेळी फोनवर बसणारे कोणी कामावर नव्हते. कर्नाटकच्या किनारपट्टीवरून तिथे गेलेल्या एका परिचारिकेने फोन उचलला आणि वॉर्डात जोडून दिला. तिने स्वतः रुग्णाविषयी एक शब्दही सांगितला नव्हता. तीन दिवसांनी ती मृतावस्थेत सापडली. राजघराण्याने तिला दोष दिला नव्हता, रुग्णालयानेही दिला नसल्याचे सांगितले. जगभर हसण्यावारी गेलेल्या त्या ध्वनिफितीतला तिचा भाग काही सेकंदांचा आहे.

त्याच किनाऱ्यावरच्या हळदीपूरची एक मुलगी मुंबईला येऊन परिचारिका झाली होती. तिची कहाणी आपल्याला माहीत आहे असे आपण समजतो. अरुणा शानबाग केईएम रुग्णालयात, कुत्र्यांवर शस्त्रक्रियांचे प्रयोग होत त्या विभागात काम करत होती. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने झालेले नुकसान कायमचे होते. गुन्हेगाराला शिक्षा झाली ती जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल, सात वर्षांची. ती मात्र बेचाळीस वर्षे वॉर्ड क्रमांक चारला लागून असलेल्या खोलीत राहिली.

राजे, महात्मे आणि गव्हर्नर जनरल यांच्या रांगेत तिला बसवण्याचे कारण असे: ती परिचारिका असूनही पुढे देशातली सर्वांत प्रसिद्ध रुग्ण झाली. हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला. महापालिकेने तिला केईएममधून दुसरीकडे हलवण्याचा प्रयत्न केला तेव्हा परिचारिकांनी तो हाणून पाडला. रोज भरवणे, पुसणे, कूस बदलणे, हे ज्या करत होत्या त्यांच्यातल्या कितीतरी जणी हल्ल्याच्या वेळी जन्मल्याही नव्हत्या. पाळ्या बदलल्या, पिढ्या बदलल्या. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला शय्याव्रण होऊ न देणे म्हणजे काय, हे ज्याने घरात एक महिना तरी रुग्ण सांभाळला आहे त्यालाच कळेल. रात्री दोनदोन तासांनी कोणीतरी उठावे लागते.

पिंकी विराणी यांनी १९९८ मध्ये अरुणाविषयी पुस्तक लिहिले आणि पुढे तिच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला: तिला बळजबरीने अन्न देणे थांबवावे, तिला शांतपणे जाऊ द्यावे. त्या अर्जामागची कणव खरी होती, आणि त्यातला प्रश्नही खरा. अशा अवस्थेत जगवत ठेवणे ही सेवा की शिक्षा, याचे उत्तर सोपे नाही. केईएमच्या परिचारिकांनी अर्जाला कडाडून विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. विशिष्ट परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, उपचार थांबवता येतील हे तत्त्व त्यांनी मान्य केले. भारतातला या विषयातला तो पायाचा निकाल. पण अरुणाचा अर्ज त्यांनी फेटाळला. कारण तिचा ‘निकटचा मित्र’ कोण, या प्रश्नावर न्यायालयाने सांगितले की तो मान लेखिकेचा नाही, इतकी वर्षे रात्रंदिवस तिची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे. तिच्या वतीने बोलायचा हक्क त्यांचा. केईएममध्ये त्या दिवशी पेढे वाटले गेले.

पेढ्यांची ती छायाचित्रे पाहून तेव्हा काहींना ते अप्रशस्त वाटले होते. जिला काही कळत नाही तिच्या जगण्याचा हा उत्सव कोणासाठी, असा त्यांचा प्रश्न. तो मी झटकून टाकणार नाही; अरुणाला स्वतःला काय हवे होते हे ना विराणी सांगू शकत होत्या, ना परिचारिका. पण सँडरिंगहॅमच्या खोलीतली सिस्टर बी डोळ्यांपुढे ठेवली की त्या पेढ्यांचा अर्थ निराळा लागतो. तिथे ज्या बाईच्या अस्वस्थतेला टिपणात अर्धी ओळ मिळाली, तशाच बायकांच्या म्हणण्यावर इथे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय उभा राहिला.

निकालात आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे कधी केईएमच्या कर्मचाऱ्यांचे मत बदलले, तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे अर्ज करावा आणि न्यायालयाने तो तपासावा, असे न्यायमूर्तींनी लिहून ठेवले. म्हणजे दार बंद केले नाही. किल्ली रात्रपाळीच्या हाती दिली. अरुणा त्यानंतर चार वर्षे जगली आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेली. तसा अर्ज केईएममधून कधी गेला नाही.